लाल रेघा

“...आणि उजवीकडं ही एवढी जागा मोकळी कशाला सोडलीस रे?” धांडे सरांनी विचारलं.

निनादनं छाती पुढं काढली. “तुमचा एडिटर आहे तस्साच लावलाय सर. जसाच्या तसा.”

चाळीसगावच्या स्टँडमागं, पिठाच्या गिरणीच्या वर सरांचा कॉम्प्युटरची जावा भाषा शिकवायचा क्लास. नव्या पोरांच्या मशीनवर कोड लिहायचा एडिटर लावून द्यायचं काम सरांनी जुन्या बॅचच्या निनादला सांगितलं होतं. नीट जमलं तर ही बॅच तूच शिकव, असंही म्हणाले होते. झालं! तेव्हापासून गडी जमिनीच्या चार बोटं वरूनच चालत होता.

“अक्षरं का भोपळ्याएवढी?”

“तुमची तेवढीच असतात, सर.”

“मला मोतीबिंदू आहे.”

निनादची पुढं काढलेली छाती थोडी आत गेली.

“आणि माझा स्क्रीन उजवीकडं फुटलाय. गणपतीत आरतीच्या घाईत नारळ सुटला हातातून. तिकडं काही दिसत नाही, म्हणून मी सगळं डावीकडं ढकललंय.”

मागं कुणीतरी फिस्सकन हसलं. निनादचे कान तापले. चांगल्या धडधाकट स्क्रीनवर डावीकडं दाटीवाटीनं बसून पोरं सकाळपासून भोपळे सरकवत होती, आणि यालाच विद्या म्हणत असतील, असं समजत होती.

एवढ्यावर भागलं असतं, तर हसण्यावारी गेलं असतं. पण कोपऱ्यातली मेहजबीन उठली. बॅचमधली सगळ्यात नवी. दप्तर खांद्याला.

“सर, मी निघते. मला नाही जमणार हे.”

“का गं?”

“प्रोग्राम चालतच नाही. निनाददादांना विचारलं, तर म्हणाले, नीट बघ. कितीदा बघितलं, सगळं बरोबरच दिसतंय. माझं डोकंच नाही या कामाचं.”

सर तिच्या मशीनवर वाकले. डोळे बारीक करून बघत राहिले.

“शेवटचा कंस मिटवायचा राहिलाय, बेटा. बाकी छान आहे.” मग मागं न बघताच म्हणाले, “निनाद, चुकलं की एडिटर खाली लाल रेघ मारतो. हिला का नाही मारली?”

खाली गिरणीचा पट्टा फटफटत होता.

“बंद केल्यात, सर.”

“हिच्या?”

“सगळ्यांच्या.”

“कशापायी?”

“तुमच्या स्क्रीनवर कधी एकही दिसली नाही. मला वाटलं, मुरलेली माणसं त्या बंदच ठेवतात... फार शोधावी लागली ती सेटिंग.”

या खेपेला कुणीच हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं. ‘नीट बघ’ म्हणताना आपण केलेलं तोंड निनादला आठवलं, आणि तेच तोंड कुठं लपवावं, ते कळेना.

सरांनी आपला जाड भिंगांचा चष्मा काढला आणि निनादच्या नाकावर बसवला.

“काय दिसतंय?”

“काहीच नाही, सर.”

मेहजबीनचा चेहराही दिसत नव्हता. तेवढंच त्यातल्या त्यात बरं.

त्यानं चष्मा परत दिला. तिच्या मशीनशी बसला, रेघा चालू केल्या. शेवटच्या ओळीखाली लाल नागमोडी रेघ उमटली. मेहजबीननं दप्तर खाली ठेवलं आणि कंस मिटवला. रेघ गेली.

“बॅच दुसऱ्या कुणाला द्या, सर,” निनाद खालमानेनं म्हणाला. “मला एवढंसुद्धा कळलं नाही, की तुमच्या रेघा...”

“माझ्या चालूच असतात.”

“मग दिसत कशा नाहीत?”

“रोज सकाळी तुम्ही यायच्या आधी, अर्धं शटर ओढून मी एकटाच पुटपुटत बसतो. ऐकलंयस ना?”

“हो सर. पोरं म्हणतात, जप करता.”

“शिव्या देतो,” सर चष्मा पुसत म्हणाले. “स्वतःला, शेवटची लाल रेघ जाईपर्यंत... उद्यापासून तूही लवकर येत जा.”