खाली ठेवलेला पेला

साताऱ्याच्या कुंदाताई टिपणीस एकट्याच जॉर्डन बघायला निघाल्या आणि वाळवंटात अबू नायफ नावाच्या शेखाच्या तंबूंपाशी अडल्या. जीपवाला त्यांना सोडून परत गेला होता, आणि हा मिशाळ शेख म्हणतो, "एकट्या बाईला आम्ही मुक्कामाला ठेवून घेत नाही. जबाबदारी घेणारा पुरुष कुठाय?"

"घरी आहे. त्याला ऊन सोसत नाही," ताई म्हणाल्या.

शेख काही हसला नाही. "कॉफी घ्या, मग परत जायला गाडी बोलावतो." दारी आलेल्या वैऱ्यालाही तो कॉफी दिल्याशिवाय जाऊ देत नसे.

ताईंनी पेला घेतला आणि ओठाला न लावता खाली ठेवला. शेखाभोवती बसलेल्या म्हाताऱ्यांनी माना वळवून पेल्याकडे पाहिलं. तिथे पाहुण्याने असा पेला ठेवला, की त्याचं काही मागणं असतं आणि ते पुरवल्याशिवाय यजमानाची अब्रू राहत नाही. ताई हे घरूनच वाचून गेल्या होत्या.

"मागा," शेख नाइलाजाने म्हणाला.

"एवढंच सांगा, तुमच्या तंबूतल्या पाहुण्याची जबाबदारी कोणाची?"

"माझी! त्याच्या केसाला जरी धक्का लागला, तरी मी लोकांना तोंड दाखवणार नाही."

"मग पुरुष मिळाला की! आता आणखी कुणाला शोधायचं?"

म्हातारे खो खो हसले. शेखाने गार कॉफी वाळूत ओतली आणि निमूटपणे गरम दिली.

सकाळी पुढे न्यायला आलेल्या दुसऱ्या जीपवाल्याने विचारलं, "बाईंबरोबर कोण आहे?"

ताई तोंड उघडणार, तोच तंबूतून आवाज गरजला, "मी आहे!"