अरुंद तोंडाचं मडकं

आपल्या आजोबांच्या आजोबांनाही आठवणार नाही, इतक्या जुन्या काळी एका गावात एक कुंभार आणि त्याची बायको राहत होती. त्यांना एकुलती एक लेक. बाप चाकावर बसला की तीही शेजारी फतकल मारून बसायची आणि चिखलात हात घालायची.

एकदा कुंभाराने पाण्याचं मडकं घडवून सावलीत ठेवलं. पोरीने त्याच्या ओल्या पोटावर चार बोटं दाबली. बाप रागावणार, तोच ती म्हणाली, "बाबा, हे माझं. ह्यात मी मोगरा लावणार."

अरुंद तोंडाच्या मडक्यात कोणी झाड लावतं का? पण लाडक्या लेकीपुढे शहाणपण कुठलं चालायला! कुंभाराने मडकं तसंच भाजलं आणि तळाला भोक पाडून दिलं. पोरीने माती भरून मोगऱ्याची फांदी खोचली. फांदीला पालवी फुटली, आणि त्याच पावसाळ्यात गावात तापाची साथ आली. पोर गेली.

कुंभारणीपाशी मागे उरलं ते मडकं. रोज सकाळी ती मोगऱ्याला पाणी घाली आणि त्या चार खळ्यांवर आपली बोटं ठेवून बसे. तिची बोटं त्यांत मावत नसत. तरी तेवढ्यावर ती दिवस ढकलत होती.

वर्षं गेली. मोगऱ्याची पानं पिवळी पडली, कळ्या न उमलताच गळू लागल्या. कुंभारणीने शेजारच्या म्हाताऱ्या माळणीला बोलावलं.

माळणीने मातीत बोट घालून पाहिलं. "पोरी, आत माती उरलीच नाही गं. नुसत्या मुळ्याच मुळ्या झाल्यात. ह्याला मोठ्या कुंडीत हलव."

"हलवते की!"

"ह्या तोंडातून निघायचं नाही ते. मडकं फोडावं लागेल."

कुंभारणीने मडक्याला मिठीच मारली. कुंभार समजावू लागला, "अगं, मी ऐसपैस कुंडी घडवतो. बोटांचं खापर आपण जपून ठेवू."

"फोडताना त्या खापराचेच तुकडे झाले तर? कुंडी घडवाल हो तुम्ही. बोटं कुठून आणाल?"

माळीण म्हणाली, "बरं, निदान एक फांदी दे. माझ्या वाफ्यात लावते."

"माझ्या पोरीच्या झाडाला विळा लावायचा नाही."

माळीण निघून गेली. दुःखाला डोळे असतात, कान नसतात.

उन्हाळ्यात एके सकाळी, मुळ्यांच्या जुन्या रेट्याने ताणलेल्या मडक्याला तडा गेला. कुंभारणीने धावत जाऊन ओली माती आणली. तिचा जन्म भांडी लिंपण्यात गेलेला. सवयीने तिने तडा बुजवला, वरून ओला हात फिरवला, सगळं गुळगुळीत केलं. मग ती भानावर आली. चारही खळ्या तिच्याच लिंपणाखाली गेल्या होत्या.

तिने नखांनी माती खरवडली. तड्याशी खिळखिळं झालेलं खापर लिंपणासकट गळून पडलं आणि हातातच त्याचा भुगा झाला.

मोगरा तर कधीच वाळला होता. ती इतके दिवस काटक्यांना पाणी घालत होती, आणि ते तळाच्या भोकातून तसंच वाहून जात होतं.

तिने दगड उचलला आणि उरलेलं मडकं आपल्या हाताने फोडलं. आत मुळ्यांचा गोळा, थेट मडक्याच्याच आकाराचा. त्याच्या एका अंगाला चार लहान खळ्या होत्या. पोरीने बाहेरून दाबलेली बोटं मोगऱ्याने आतून इतकी वर्षं धरून ठेवली होती. जिवंत असता तर नव्या कुंडीतही त्याने ती सोबत नेली असती.

कुंभारणीने त्या खळ्यांना स्पर्श केला. वाळलेल्या मुळ्या कडाकडा मोडल्या आणि तेवढंही गेलं. तिचा हंबरडा ऐकून कुंभार चाकावरून धावत आला, पण लिंपायला आता काहीच उरलं नव्हतं.

म्हणून ध्यानात ठेवा: गेलेल्याच्या खुणेसाठी जो जित्याला कोंडून ठेवतो, त्याचं जितंही जातं आणि खूणही.