मक्याचा धडा आणि विहिरीतला बेडूक

एका जंगलात एक शाळा होती. शाळेत पुस्तक एकच, पण भलंमोठं. ते दगडावर उघडून ठेवायचं, बगळेगुरुजींनी धडा म्हणायचा आणि पिल्लांनी ओळीवर पंजा फिरवत तो मागून म्हणायचा. दहा दिवस असं घोकलं की धडा तोंडपाठ. तिथे यालाच वाचन म्हणत.

ससा, माकड, बेडूक, करडू, सगळे धडाधड म्हणत आणि त्यांच्या आया कौतुकाने ऐकत. कासवाची लेक मात्र मागे पडायची. तिला सगळे कासवी म्हणत. आईने घरी शिकवलेलं एकेक अक्षर ती ओळखायची, जुळवायची आणि मगच बोलायची. वर्ग धडा संपवून डबे उघडायचा, तेव्हा ही दुसऱ्या ओळीवर असायची. मग सगळे तिला फिदीफिदी हसत. वाचणारीला न वाचणारे हसत होते आणि त्याची एकालाही लाज नव्हती!

एक दिवस गुरुजींनी तिच्या आईला बोलावून बजावलं. हत्तीसाहेब तपासणीला येणार आहेत, त्या दिवशी पोरगी सगळ्यांबरोबर म्हणाली नाही तर तिचं नाव शाळेतून काढून टाकीन. आई घाबरली. घरी येऊन लेकीला म्हणाली, "त्या दिवसापुरते नुसते ओठ हलव गं बाई."

तपासणीचा दिवस उजाडला. हार आले, साहेबांसाठी उसाची मोळी आली. या गडबडीत करडाच्या जेवणाकडे कोणी बघेना. सातव्या धड्याच्या पानावर हिरव्यागार मक्याचं चित्र होतं. करडाने ते पानच्या पान खाल्लं आणि साळसूदपणे जागेवर जाऊन बसलं.

साहेब आले. गुरुजी "सातवा धडा" म्हणताच वर्ग एका सुरात सुरू झाला, "मका हिरवा. मका गोड. मका खाऊ या."

समोर उघडा होता आठवा धडा. त्यावर विहिरीचं चित्र आणि विहिरीत बेडूक. वर्गातल्या बेडकाने तर बेडकाच्याच चित्रावर पाय ठेवून "मका गोड" म्हटलं. साहेब ऊस चघळत मान डोलावत होते. पुस्तकात डोकावावं असं त्यांनाही वाटलं नाही. याला म्हणे तपासणी!

कासवीने दोनदा नुसते ओठ हलवले. तिसऱ्यांदा तिच्याने ते होईना.

"साहेब, इथे मका नाहीये," ती म्हणाली.

गुरुजींनी डोळे वटारले आणि ही पोर मंद आहे, हिच्याकडे लक्ष देऊ नका, असं साहेबांना सांगू लागले. पण साहेबांनी ऊस खाली ठेवला होता.

"मग काय आहे?"

"वि... हि... री... त..." कासवी अक्षरावर पाय ठेवत वाचू लागली. माकडाला दोन जांभया आल्या. "बे... डू... क... आ... हे."

साहेबांनी वाकून पान पाहिलं. त्यांचे कान खाली पडले. मग ते गुरुजींकडे वळले.

"गुरुजी, पुढची ओळ तुम्ही वाचा."

गुरुजी एका पायावर उभे राहिले. त्यांनी डोळे मिटले, घसा खाकरला आणि गंभीर आवाजात म्हणाले, "मका खाऊ या."

साहेबांना स्वतःचीच इतकी चीड आली की उरलेला ऊस त्यांनी तिथेच सोडला. कासवीचं नाव शाळेत राहिलं. दुसऱ्या दिवसापासून साहेब स्वतः शिकवायला येऊ लागले आणि सगळा वर्ग पहिल्या अक्षरापासून शिकू लागला. पहिल्या रांगेत कासवी बसली आणि तिच्या शेजारी पाटी घेऊन बगळेगुरुजी. विहिरीतल्या बेडकाची ती एक ओळ वाचायला त्यांना आठ दिवस लागले. कासवी एकदाही हसली नाही.

तात्पर्य: घडाघडा म्हणता आलं म्हणजे वाचता आलं असं नाही, आणि जो अडखळत का होईना खरं वाचतो, त्याला हसण्याआधी आपण पुस्तकात पाहिलंय का, ते आठवावं.