बोकडाच्या गळ्यातली माळ

फार पूर्वी, माणसांचं बोलणं जनावरांना कळायचं तेव्हा, चंद्री शेळीची झोप उडाली. दुसऱ्या दिवशी जत्रा होती, आणि मालकिणीने तिच्या पिल्लाच्या, टिक्या बोकडाच्या, गळ्यात झेंडूची माळ घातली होती.

पोळ्याला झूल घातलेला बैल पाहून टिक्याने विचारलं होतं, "त्याला का गं सजवलंय?" चंद्री सहज बोलून गेली होती, "ज्याच्यावर जीव असतो ना बाळा, त्यालाच सजवतात."

आता टिक्या माळ मिरवत गोठाभर उड्या मारत होता.

"बैलाची माळ वेगळी आणि बोकडाची वेगळी असते रे. पळून जा इथून!"

"वा! तूच म्हणालीस ना, जीव असतो म्हणून!"

समजावून काही होईना. देवीला व्यंग असलेला बोकड चालत नाही, हे चंद्रीला ठाऊक होतं. तिने डोळे मिटले आणि त्याचा कान चावून फाडला.

सकाळी मालकिणीने कपाळावर हात मारला आणि माळ काढून शेजारी बांधलेल्या शेळीच्या पिल्लाला घातली. त्या शेळीकडे न बघता चंद्री टिक्याचा कान चाटायला गेली.

टिक्या मागे सरला. म्हणाला, "आई, माझ्यावर दुसऱ्या कुणाचा जीव असलेला तुला बघवत नाही ना?"