लोखंडी बैलाची रिकामी बाजू

फार मागं, हौशा बैल अजून वासरू होता तेव्हा, माळावरून लोखंडावर लोखंड आपटल्याचा आवाज त्याच्या कानी आला होता. कुणीतरी मोडके फाळ, बैलगाडीच्या चाकांच्या लोखंडी धावा आणि ट्रकचे पाटे जोडून जनावरं घडवली आणि माळाच्या रस्त्याकडेला ओळीनं उभी केली.

आता म्हातारा झालेला हौशा त्याच रस्त्यानं आपल्या मालकाबरोबर, म्हणजे गेनूबरोबर, गेनूच्या लेकीच्या गावी निघाला होता. भर दुपार होती आणि माळावर एकही पाखरू बोलत नव्हतं. ओळीतल्या लोखंडी मोरानं करकरत मान वळवली. "पाय ओढत चाललास की म्हाताऱ्या. थांब इथंच."

पुढं एक लोखंडी बैल मानेवर जू घेऊन उभा होता. जुवाची दुसरी बाजू रिकामी होती.

"हौशा, मी पाखऱ्या," तो म्हणाला. पाखऱ्या हौशाचा जोडीदार, गेल्या उन्हाळ्यात मेलेला. "ये, माझ्या डाव्या अंगाला उभा राहा. इथं भूक नाही, थकवा नाही."

आवाज हुबेहूब पाखऱ्याचा होता. हौशा एक पाऊल सरकला, तसा त्याचा खूर ठण्ण वाजला आणि पाय गुडघ्यापर्यंत गार पडला.

"चल रं लेकरा," गेनूनं कासरा ओढला. "पोरीनं तुझ्यासाठी कडबा काढून ठेवलाय."

हौशा त्या रिकाम्या जागेकडं बघत राहिला. पाखऱ्या जन्मभर डावीकडंच चालला होता. पाणी प्यायलासुद्धा तो हौशाच्या डाव्या अंगाला यायचा. ती जागा त्यानं कधी कुणाला दिली नव्हती.

"ये ना," लोखंड म्हणालं.

हौशानं गार पडलेला पाय उचलला आणि तो गेनूच्या मागं चालू लागला.