रेघीचा पेरू

एक होती खार. पाठीवर तीन रेघा, म्हणून नाव रेघी.

रेघीला मिळाला पेरू. हिरवागार, टणक पेरू. रेघीने चावा घेतला. कट्ट! पेरू तसाच राहिला, रेघीचा दात मात्र पडला.

रेघी मुसुमुसु रडली. मग डोळे पुसले. पेरू पोटाशी धरला आणि निघाली स्वयंपाकघरात. तुरुतुरु, तुरुतुरु.

ओट्यावर होती सुरी.

"सुरीताई, सुरीताई, पेरू चिर."

सुरी म्हणाली, "मी झाले बोथट. पट्टा मला चोळून धार देईल, तर मी चिरीन."

तुरुतुरु, तुरुतुरु. खुंटीला होता चामड्याचा पट्टा.

"पट्टेदादा, पट्टेदादा, सुरीला चोळ. सुरी चिरेना, मला पेरू मिळेना."

पट्टा म्हणाला, "आधी दगड घासेल, तर मी चोळीन."

तुरुतुरु, तुरुतुरु. कोपऱ्यात होता खरखरीत दगड.

"दगडोबा, दगडोबा, सुरीला घास. पट्टा चोळेना, सुरी चिरेना, मला पेरू मिळेना."

दगड म्हणाला, "मी कोरडाठाक. माठ पाणी देईल, तर मी घाशीन."

तुरुतुरु, तुरुतुरु. खिडकीशी होता माठ.

"माठोबा, माठोबा, पाणी दे. दगड घासेना, पट्टा चोळेना, सुरी चिरेना, मला पेरू मिळेना."

माठ म्हणाला, "मावशी तांब्या बुडवेल, तर मी देईन."

तुरुतुरु, तुरुतुरु. दारात होती शेवंतामावशी. कडेवर होतं बाळ. बाळ रडत होतं.

"मावशी, मावशी, तांब्या बुडव. माठ देईना, दगड घासेना, पट्टा चोळेना, सुरी चिरेना, मला पेरू मिळेना."

मावशी म्हणाली, "हात कुठे मोकळा आहे गं? बाळ उगी राहील, तर मी बुडवीन."

रेघी चढली मावशीच्या खांद्यावर. सुरसुर, सुरसुर.

"बाळा, बाळा, उगी राहा. मावशी बुडवेना, माठ देईना, दगड घासेना, पट्टा चोळेना, सुरी चिरेना, मला पेरू मिळेना."

बाळ काय म्हणणार? त्याला बोलता कुठे येत होतं? त्याने नुसतं तोंड उघडलं. आँऽऽ! हिरडीवर होता एक पांढरा ठिपका. बाळाला दात येत होता.

"दुखतं होय रे?" रेघी हळूच म्हणाली. "मलाही दुखलं."

तिने मऊ मऊ शेपटी बाळाच्या गालावरून फिरवली. एकदा. अजून एकदा. पुन्हा एकदा. पेरू कुठे ठेवला, तेही ती विसरली.

बाळाने एक हुंदका दिला. शेपटी मुठीत धरली. आणि हसलं, खुदुखुदु.

बाळ उगी राहिलं.
मावशीने तांब्या बुडवला, बुडुक.
माठाने पाणी दिलं, दगड भिजला.
दगडाने सुरीला घासलं, घस्स घस्स, घस्स घस्स.
पट्ट्याने सुरीला चोळलं, सप सप, सप सप.
सुरी झाली लख्ख. मावशीने दारातला पेरू उचलून ओट्यावर ठेवला. सुरीने पेरू चिरला, चर्रक.

आत होता गुलाबी गर. मावशीने चमच्याने काढला.

"खा गं माझी बाई," मावशी म्हणाली.

रेघीने खाल्ला. मऊ, गोड, गारेगार. शेपटी अजून बाळाच्या मुठीतच होती. रेघीने ती मुळीच ओढली नाही.

पेरू गेला पोटात, गोष्ट राहिली ओठात.