हिवरतळचे भावधोंडे

अहो, विचारू नका. हिवरतळच्या बाजारात "कसं दिलं?" म्हणायची रीत नाही. मान खाली घाला आणि धोंडा बघा. प्रत्येक दुकानापुढं हा जो काळा धोंडा पुरलाय ना, त्याला आम्ही भावधोंडा म्हणतो. त्याच्यावर चुन्यानं भाव लिहिल्याशिवाय इथं कुणी गोणीचं तोंडसुद्धा सोडत नाही. मागं एका परगावच्या फळवाल्यानं धोंडा कोरा ठेवला, तर संध्याकाळपर्यंत माशा मारत बसला बिचारा. आम्ही त्याला काही बोललो नाही, गिऱ्हाईकच थांबलं नाही.

आता सावलीला बसलाच आहात तर ऐका. खरं-खोटं बिरोबाला ठाऊक, मी ऐकलं तसं सांगतो.

फार पूर्वी इथं धुळा नावाचा धनगर घोंगड्या विकायचा. त्याच्या घोंगडीतून पावसाचा थेंब आत यायचा नाही, म्हणे. त्या काळी भाव उघड बोलत नसत. विकणारा आणि घेणारा उपरण्याखाली हात धरायचे आणि बोटं दाबून सौदा करायचे. झाकली मूठ सव्वा लाखाची, असं सगळा बाजार मानायचा.

धुळाही माणूस बघूनच भाव करायचा, पण त्याची तऱ्हा उलटी. पाटलाकडून भरपूर घ्यायचा आणि गरिबाला जवळजवळ लोकरीच्या मोलात द्यायचा. मनानं मोठा माणूस. आपल्या घोंगडीला गरीब कधी मुकत नाही, याचा त्याला भारी अभिमान होता.

एका वर्षी थंडी अशी पडली की गुरं गोठ्यात आखडली. विहिरीचे दगड फोडणारी कोंडाबाई तान्हं पोर पोटाशी धरून बाजाराला आली. घोंगड्यांच्या थप्पीपाशी थांबली, एकीचा काठ चाचपला आणि निघून गेली. पुढच्या बाजारीही तसंच झालं.

धुळानं तिला बघितलं होतं. तिच्या पोरासाठी एक लहान घोंगडी बाजूला काढूनसुद्धा ठेवली होती. पण भाव गिऱ्हाइकानं विचारायचा, अशी त्याची समजूत. आपण होऊन बोललो तर बाईला वाटायचं, हा भीक घालतोय. बायको म्हणाली, हाक मारा की तिला. तर तो म्हणाला, "रडल्याशिवाय आईसुद्धा पाजत नाही. विचारू दे की."

तिकडं कोंडाबाईच्या मनात निराळंच. पाटलानं घोंगडीला काय मोजलं ते गावभर झालं होतं, पाटीलच मिरवत होता. तेवढे पैसे आपल्याकडं या जन्मात व्हायचे नाहीत, हे ती जाणून होती. मग विचारायचं, आणि चार माणसांत हात हलवत परत फिरायचं? त्यापेक्षा न विचारलेलं बरं, असं तिला वाटलं.

त्यानंतरच्या बाजारी ती आलीच नाही. धुळाला चैन पडेना. ती लहान घोंगडी खांद्यावर टाकून तो तिच्या पालावर गेला. कोंडाबाई बाहेरच बसली होती. मांडीवर पोर नव्हतं. आदल्याच दिवशी ते गारठून गेलं होतं.

असं सांगतात, की ती भांडली नाही. घोंगडीकडं बघून तिनं एवढंच विचारलं, "केवढ्याची होती?"

धुळानं सांगितलं. तिनं पदराची गाठ सोडली आणि हात त्याच्यापुढं धरला.

"एवढे होते माझ्याकडं," ती म्हणाली. "पहिल्या दिवसापासून होते."

काळीज फाटलं हो त्या माणसाचं. दया होती, पण ती त्याच्या पोटातच राहिली. पोराच्या अंगावर काही ती आली नाही.

तसाच तो ओढ्यात उतरला. एक काळा धोंडा उचलून बाजारात आणला, आपल्या दुकानापुढं पुरला आणि बिरोबाचा भंडारा हातात घेऊन बोलला, "माझ्या मालाचा भाव कळायला यापुढं कुणाला तोंड उघडावं लागणार नाही. आणि भाव सगळ्यांना एकच." लिहिता-वाचता कुणाला येत नव्हतं, म्हणून जितके पैसे तितक्या चुन्याच्या रेघा त्यानं धोंड्यावर ओढल्या. गरिबाला लावायचा तोच भाव त्यानं सगळ्यांना लावला. पाटील हसत हसत स्वस्तात घोंगडी घेऊन गेला. व्यापारी म्हणाले, धुळाला वेड लागलं. त्या हिवाळ्यात त्याच्या घरी भाकरी अर्धी झाली. पण हळूहळू, कधी न थांबणारी माणसं त्याच्या दुकानापुढं थांबायला लागली. रेघा मोजून जायची आणि पुढच्या बाजारी पैसे जमवून यायची. ते बघून बाकीच्यांनीही धोंडे पुरले. काहींनी मनापासून, बऱ्याच जणांनी गिऱ्हाईक तुटेल या भीतीनं. तेही चाललं.

कोंडाबाई पुढं एकदा बाजारात आली, म्हणे. मिठाच्या दुकानापुढं उभी राहिली, रेघा मोजल्या, मीठ घेतलं आणि गेली. घोंगड्यांकडं वळली नाही. तिनं धुळाला माफ केलं का, ते मात्र कुणी सांगत नाही. मीही उगाच सांगणार नाही.

आता रेघांच्या जागी आकडे आलेत. पण आजही धोंड्यापुढं उभ्या राहिलेल्या माणसाला इथला दुकानदार हाक मारत नाही, या-बसा करत नाही. माणूस भाव बघतो, मनाशी जुळवतो, जमलं तर घेतो, नाही जमलं तर पुढं जातो. नाही जमलं, हे त्याचं त्यालाच ठाऊक. पण पदरात पैसे असताना नुसत्या भीतीनं कुणी परत गेलं, असं हिवरतळात पुन्हा झालेलं नाही.